सिंगापूर ते न्यूयॉर्क : दोन मंगळवार आणि आईची गोळ्यांची डबी

सोमवार

आईचा प्रश्न एकच होता, बसायचं किती वेळ. दादा न्यूयॉर्कला, मी सिंगापूरला, आई सध्या माझ्याकडे, आणि ऑक्टोबरात दोघींनी आठवडाभर दादाकडे जाऊन यायचं ठरलं होतं. मी म्हटलं, साधारण साडेअठरा तास, मध्ये कुठे उतरायचं नाही. अंतर किती ते विचारलं तर म्हटलं १५,३४४ किलोमीटर, म्हणजे न्यूयॉर्कच्या लगतचा न्यूअर्क विमानतळ धरून, न्यूयॉर्कचा दुसरा विमानतळ जेएफके धरला तर चार-पाच किलोमीटर जास्त. आणि विमान ताशी नऊशेच्या आसपास जातं. आईचा तोंडी हिशोब एकदम पक्का, तिने तिथल्या तिथे भागाकार केला, "सतरा तास होतात गं. वरचा दीड तास कशाचा?"

मी म्हटलं, गेटपासून रनवेपर्यंत जायला वेळ लागतो, चढताना उतरताना वेग कमी असतो, आणि तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. हे खरंच आहे, पण पूर्ण उत्तर नाही हे मलाही माहीत होतं. कारण ते १५,३४४ ज्या रेषेवर मोजलेत त्या रेषेवरून जाताना हे विमान जातच नाही. ते आईला कळेपर्यंत शुक्रवार उजाडला, तिथे येतेच.

निघायच्या आधीची खरी काळजी अंतराची नव्हती, आईच्या बीपीच्या गोळीची होती. रोज सकाळी ८ ला एक गोळी, आणि त्यासाठी तिच्याकडे ती सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी आहे, प्रत्येक झाकणावर वार लिहिलेला, सोमवार ते रविवार. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिकडची सकाळ इकडची सकाळ बघू नका, दोन गोळ्यांमध्ये २४ तास जाऊ द्या, आठवड्याचाच प्रश्न आहे. सिंगापूर आणि न्यूयॉर्कमध्ये या दिवसांत बरोबर १२ तासांचा फरक असतो (नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांचं घड्याळ मागे गेलं की १३ होतो). म्हणजे इथले सकाळचे ८ म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे रात्रीचे ८. आईच्या हातात काट्यांचं घड्याळ. ते मागेपुढे करायची गरजच नाही, दोन्हीकडे काटे त्याच जागी, फक्त सकाळच्या जागी रात्र! मला हे सुचल्यावर इतका आनंद झाला की मी दोनदा सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे घड्याळाला हात लावायचा नाही, एवढंच ना."

रात्री साडेअकराच्या पुढे विमान सुटलं. सोमवारचा कप्पा सकाळीच रिकामा झाला होता.

या विमानाबद्दल सांगायलाच हवं. सिंगापूर एअरलाइन्सने ही नॉनस्टॉप सेवा पहिल्यांदा २००४ मध्ये सुरू केली तेव्हा एअरबस ए३४०-५०० होतं, चार इंजिनांचं, इंधन भरपूर पिणारं, त्यामुळे २०१३ मध्ये ती बंद करावी लागली. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये ए३५०-९००यूएलआर आलं (यूएलआर म्हणजे खूप लांब पल्ल्याचं), दोन इंजिनांचं, आणि सेवा परत चालू झाली. याच्या टाक्यांमध्ये १,६५,००० लिटर इंधन मावतं. पण इतकं इंधन उचलायचं म्हणजे त्या इंधनाचंच वजन वाहून न्यायला अजून इंधन जळतं, म्हणून माणसं कमी घ्यावी लागतात. आत फक्त १६१ सीट, साधी इकॉनॉमी नाहीच. आईला वाटलं विमान अर्धं रिकामं ठेवलंय. पायलट चार असतात, आळीपाळीने झोपतात.

मंगळवार, पहिला

मी झोपलेच नाही फारशी. समोरच्या स्क्रीनवर तो नकाशा लावून बसले होते. सिंगापूर सोडल्यावर विमान उत्तरेला न जाता सरळ ईशान्येला निघालं, फिलिपिन्स, मग जपानच्या खालून पॅसिफिकमध्ये. सुरुवातीला उंची ३३,००० फूट दाखवत होते, आणि काही तासांनी ३५,०००, मग ३७,०००. एकदम वर का नाही चढत, तर सुरुवातीला इंधनाने इतकं जड असतं की वरच्या विरळ हवेत पेलवत नाही, जसं इंधन जळेल तसं हलकं होतं आणि पायरी पायरीने वर जातं.

आईच्या घड्याळात पावणेपाच झाले आणि खिडकीच्या फटीतून नारिंगी रेघ आत आली. मी पडदा चार बोटं वर केला. सूर्य वर येताना नेहमी जेवढा वेळ घेतो तेवढा घेत नव्हता, आपणही त्याच्याच दिशेने धावत असतो म्हणून असेल, भराभर वर आला. आई जागी झाली, हात जोडले, आणि म्हणाली "मंगळवार उजाडला." मी वहीत लिहिलं, मंगळवार, सूर्योदय पहिला.

याच सुमाराला स्क्रीनवरचा जमिनीवरचा वेग बघण्यासारखा होता. आधी ९२० वगैरे होता तो वाढत वाढत १,०९० वर गेला. विमान जास्त जोर लावत नव्हतं, आवाज तोच, थरथर तीच. हवेच्या तुलनेत ते आपलं नऊशेच्या आसपासच चाललेलं असतं, पण ती हवाच अख्खी पूर्वेकडे वाहत असते. जेट स्ट्रीम म्हणतात ती हीच. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा पट्टा, जपानच्या पूर्वेला पॅसिफिकवर तर फारच जोरदार, थंडीत ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जातो. सरकत्या पट्ट्यावरून चालावं तसं. आपली पावलं तीच, पण पट्टा आपल्याला नेतोय.

घड्याळात बरोबर ८ वाजता आईने मंगळवारचं झाकण उघडलं, गोळी घेतली. आणि वीसेक मिनिटं झाली असतील, नकाशावरचं विमान १८० रेखांशाच्या पलीकडे गेलं. आंतरराष्ट्रीय वाररेषा, पूर्वेकडे जाताना ओलांडली की वार एक दिवस मागे जातो.

परत सोमवार

मी आईला म्हटलं, आई, आता बाहेर सोमवार आहे. तिने माझ्याकडे बघितलं, मग डबीकडे. सोमवारचा कप्पा रिकामा, मंगळवारचा रिकामा, आणि बाहेर सोमवारची दुपार. "मग मी गोळी कुठल्या वाराची घेतली?" म्हणाली. मी म्हटलं मंगळवारची, डबी सिंगापूरच्या वाराने चालू दे, खाली समुद्रात कुठलाही वार असो. तिला ते पटलं, पण खिडकीतून बघत मात्र राहिली, जणू वार बदलल्याची खूण खाली दिसेल. खाली फक्त ढग होते, खारीच्या पाठीसारखे पट्टे पट्टे असलेले.

हा सोमवार अगदी लहान होता. अकराच्या सुमाराला (घड्याळाच्या) मागच्या बाजूला ऊन तांबडं झालं आणि अलास्काच्या दक्षिणेला, समुद्रावरच, सूर्य मावळला. उगवल्यापासून मावळेपर्यंत सव्वासहा तास. आपण पूर्वेकडे धावत असल्यामुळे दिवस असा दोन्ही टोकांनी खाल्ला जातो, सूर्य लवकर भेटतो आणि लवकर मागे पडतो. एरवी त्या अक्षांशावर ऑक्टोबरात साडेदहा-अकरा तासांचा दिवस असतो.

त्यानंतर कॅनडावरची लांबलचक रात्र. पाय सुजले होते दोघींचे, ओठ कोरडे, आतली हवा फार कोरडी असते म्हणून मी तिला दर तासाला पाणी देत होते आणि पाणी प्यायलं की उठावं लागतंच, त्यामुळे आपोआप चालणं होत होतं. हा उपाय मी सगळ्यांना सांगेन.

मंगळवार, दुसरा

पहाटे साडेपाचला न्यूअर्कला उतरलो. आईच्या घड्याळातही साडेपाच, सिंगापूरला संध्याकाळचे. उड्डाण ते उतरणं अठरा तासांना थोडे कमी. स्क्रीनवर कापलेलं अंतर साडेसोळा हजार किलोमीटरच्या आसपास होतं, मी वहीत लिहून ठेवलं, कारण हा आकडा आईला दाखवायचाच होता.

दादा घ्यायला आला होता. गाडीत बसलो आणि सातच्या पुढे इमारतींच्या मागून सूर्य वर आला. आई म्हणाली, "अरे, आज मंगळवार ना? हा तर मी सकाळी बघितला." दादाला कळेना. मी वहीत लिहिलं, मंगळवार, सूर्योदय दुसरा.

रात्री ८ ला, काटे आठवर, आईने बुधवारचं झाकण उघडून गोळी घेतली. न्यूयॉर्कला मंगळवारची रात्र, डबीत बुधवार. दादाची मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला वाटलं आजी चुकली, ती ओरडायलाच लागली. मग तिला सगळं समजावून सांगण्यात अर्धा तास गेला आणि तिला ते आमच्यापेक्षा लवकर कळलं.

बुधवार, गुरुवार

झोपेचं काही विचारू नका. बारा तासांचा फरक म्हणजे पूर्ण उलट, शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकतं म्हणतात, तर आठवड्यात काय होणार. दुपारी तीनला डोळे मिटायचे आणि रात्री तीनला दोघी स्वयंपाकघरात गप्पा मारत बसलेल्या.

गुरुवारी ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशन बघितलं. मधल्या चौकशीच्या खिडकीवरचं ते चार तोंडांचं घड्याळ बघायला लोक उभे असतात. आताचं स्टेशन १९१३ चं, पण मला तिथे आठवलं ते त्याच्याही आधीचं, १८ नोव्हेंबर १८८३. त्याआधी अमेरिकेत प्रत्येक गावाची दुपार वेगळी, सूर्य डोक्यावर आला की त्या गावचे बारा. रेल्वेगाड्यांचा त्यात इतका गोंधळ व्हायचा की शेवटी रेल्वे कंपन्यांनी मिळून वेळेचे पट्टे ठरवले आणि त्या रविवारी एकदम सगळी घड्याळं लावली. न्यूयॉर्कची घड्याळं जेमतेम चार मिनिटं मागे गेली, म्हणजे त्या दिवशी तिथे बारा दोनदा वाजले. लोक त्याला दोन दुपारींचा दिवस म्हणायचे. आईला मी सांगितलं की तुझे दोन मंगळवार तशा त्या गावाच्या दोन दुपारी. ती म्हणाली, "चार मिनिटांचं काय घेऊन बसलीस, माझा अख्खा दिवस आहे."

शुक्रवार

हा दिवस मला सगळ्यात आवडला आणि आम्ही घराबाहेरही पडलो नाही. बाहेर पाऊस.

दादाच्या मुलीकडे पृथ्वीगोल आहे, तीसेक सेंटिमीटर व्यासाचा. आईने पिशवीतून लोकरीचा धागा काढला. एक टोक मुलीने सिंगापूरवर बोटाने दाबून धरलं, दुसरं टोक आईने न्यूयॉर्कवर, आणि ताणलं. धागा ताणला की आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो, त्याला काही शिकवावं लागत नाही. तो चीनवरून, सैबेरियावरून सरळ वर गेला आणि गोलाच्या टोकाला जो धातूचा खिळा असतो ना, ज्याच्यावर गोल फिरतो, त्या खिळ्यालाच अडकला. उत्तर ध्रुव! तिघी एकमेकींकडे बघत राहिलो.

मग आम्ही कागद घेतला. सिंगापूर १०४ अंश पूर्व, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम. बेरीज १७८. म्हणजे जवळपास समोरासमोरचे रेखांश, संत्र्याच्या एका बाजूची फोड आणि बरोबर पलीकडची. म्हणून जवळची वाट डोक्यावरून. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १ अंश वर, तिथून ध्रुव ८९ अंश. न्यूयॉर्क ४१ अंशावर, ध्रुवावरून तिथे उतरायला ४९ अंश. ८९ आणि ४९ मिळून १३८. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. गुणाकार आईने केला, १५,३१८. मी सोमवारी सांगितलेला आकडा १५,३४४. कॉम्प्युटर नाही, काही नाही, एक गुणाकार आणि २६ किलोमीटरचा फरक! मला त्या क्षणी आईचा इतका अभिमान वाटला.

"मग आपण ध्रुवावरून का नाही आलो?" हा प्रश्न येणारच होता. मी दुसरा धागा घेतला, फिलिपिन्स, जपानच्या खालून, पॅसिफिक, अलास्काच्या खालून, कॅनडा, आणि मापला. पहिल्यापेक्षा जेमतेम दीड बोट लांब. दीड बोट म्हणजे त्या गोलावर अकराशे-बाराशे किलोमीटर. पण त्या वाटेवर वारा पाठीशी. १५,३४४ ला ताशी ९०० ने भागलं तर १७ तास. १६,५०० ला ९०० ने भागलं तर सव्वाअठराच्या वर, पण आम्ही अठराच्या आत उतरलो. वाट लांबची, पण वाऱ्याने थोडा वेळ भरून काढला. शिवाय ध्रुवाकडची हवा फार थंड, विमानाचं इंधन उणे ४० च्या खाली गेलं की गोठायला लागण्याची काळजी असते, काही बिघडलं तर उतरायला विमानतळ कमी, आणि कुठल्या देशाचं आकाश कधी बंद असेल ते वेगळंच. म्हणून रोज निघायच्या आधी त्या दिवसाचा वारा बघून वाट आखतात. कालची वाट आज असेलच असं नाही.

म्हणूनच नुसतं "इतके किलोमीटर, इतके तास" असं कुणी लिहिलं की मला ते अपुरं वाटतं. अंतर पृथ्वीचं असतं, वेळ वाऱ्याचा असतो, आणि दोन्ही एकाच वाटेचे नसतात.

मुलीला मी अजून एक सांगितलं. चार्ल्स लिंडबर्ग हा वैमानिक १९२७ मध्ये एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला उडाला, इथल्याच लाँग आयलंडवरून, २० मे ला. त्याने आपली वाट ठरवताना सार्वजनिक वाचनालयातल्या पृथ्वीगोलावर दोरा धरूनच अंतर मापलं होतं. सुमारे ५,८०० किलोमीटर, साडेतेहतीस तास, न झोपता. तिने तो लोकरीचा धागा लगेच मागून घेतला आणि स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवला.

रात्री ८ ला डबीतला शनिवार.

शनिवार

सकाळी साडेदहाच्या सुमाराला परतीचं विमान. आईला वाटत होतं आता आलो तसे परत जाणार, पॅसिफिकवरून. मला पण उत्सुकता होती. विमान उडालं, वळलं, आणि नकाशावर नाक अटलांटिककडे! परत पूर्वेलाच! ज्या वाऱ्याने आणलं त्याच्या तोंडावर जायचं नाही, तो पृथ्वीभोवती सगळीकडे पूर्वेलाच वाहतो, तर या बाजूनेही त्याच्याच पाठीवरून जायचं. या वाटेनेही अंतर साडेसोळा हजारांच्या पुढेच.

आई म्हणाली, "म्हणजे आपण गोल फिरून घरी." मी म्हटलं हो, पृथ्वीप्रदक्षिणा. त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही, फक्त त्या नकाशाकडे बघत होती.

न्यूयॉर्कला दुपारचे तीन वाजायला आणि अटलांटिकच्या मधोमध सूर्य मावळायला एकच गाठ. परत अर्धा दिवस. रात्रीचे ८, काटे आठवर, विमान तुर्कस्तानावर, आईने वाचायचा दिवा लावला आणि रविवारचं झाकण उघडलं. शेवटचा कप्पा.

रविवार

कॅस्पियन समुद्र मागे पडल्यावर साडेदहाच्या सुमाराला समोरून उजाडलं. घड्याळातले साडेदहा न्यूयॉर्कची रात्र म्हणून निघाले होते, आता ते सिंगापूरची सकाळ म्हणून चालू होते, काटे तेच. खाली तपकिरी वाळवंट, मग डोंगर, मग ढग, आणि खूप वेळाने बंगालचा उपसागर. पावणेपाचला सिंगापूरला उतरलो. विमानतळावरचं मोठं घड्याळ आणि आईचं घड्याळ एका मिनिटाचाही फरक नाही. आठवडाभर तिने त्याला हात लावला नव्हता.

घरी आल्यावर मी वही काढली. सूर्योदय मोजले. मंगळवार दोन, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. सात. आई म्हणाली थांब, आणि डबी आणली. सोमवार सोडून बाकीच्या मोजल्या तर मंगळवार ते रविवार, गोळ्या सहा. सिंगापुरात जे राहिले त्यांनीही सूर्य सहाच वेळा उगवताना बघितला. आम्ही एक जास्त बघितला, आणि आयुष्यातला वेळ मात्र तेवढाच गेला, मिनिटभरही जास्त नाही.

मी तिला दर्यावर्दी मॅजेलनच्या जहाजाचं सांगितलं. ते लोक पश्चिमेकडून पृथ्वीला फेरी मारून जुलै १५२२ मध्ये केप व्हर्डे बेटांवर पोचले, जहाजावरच्या रोजनिशीत बुधवार होता आणि बेटावरचे लोक म्हणत होते गुरुवार. तीन वर्षं एक दिवस न चुकता लिहिलेली रोजनिशी, तरी एक दिवस कमी. ते पश्चिमेला गेले म्हणून त्यांचा एक सूर्य कमी झाला, आपण पूर्वेला गेलो म्हणून आपला एक वाढला. त्यांच्या वेळी वाररेषा नव्हती, त्यामुळे तो दिवस कुठे गेला हे त्यांना आधी कळेना.

आईने माझी वही ओढून घेतली, मंगळवारच्या पानावर दोन्ही सूर्योदयांच्या समोर आपल्या अक्षरात लिहिलं, पहिल्यासमोर "समुद्रावर, पावणेपाच" आणि दुसऱ्यासमोर "गाडीतून, सात वाजून गेल्यावर". मग डबी धुतली, पुसली, आणि पुढच्या सोमवारपासूनच्या गोळ्या भरायला बसली.